हाडांतली डेक्कन क्वीन

मटणाच्या रश्शात नळी आली की घरातलं सगळ्यात पोक्त माणूसही लहान होतं. नळी ताटाच्या काठावर आपटायची, तोंडाला लावून चोखायची, तरीही निघालं नाही तर चमच्याचं टोक घालून कोरायची. एवढा खटाटोप कशासाठी, तर बोटाच्या पेराएवढ्या गोळ्यासाठी. तो गोळा म्हणजे अस्थिमज्जा, म्हणजे दवाखान्यातला बोन मॅरो. शाकाहारी मंडळींनी नाक मुरडू नये. त्यांच्याही कमरेच्या, छातीच्या आणि मणक्यांच्या हाडांत असाच ऐवज भरलेला आहे. रक्त बनवणारी लाल मज्जा मोठ्या माणसाच्या अंगात भरते साधारण किलो-सव्वा किलो. मंडईतून आणलेली वांग्यांची पिशवी तेवढीच असते.

ही पिशवी दिवसभरात काय करते, ते मोजायला आज बसू. बसूनच मोजलेलं बरं, कारण उभ्या उभ्या ऐकलं तर चक्कर यायची.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे 120 दिवस. चार महिने झाले की जुनी पेशी मोडीत निघते आणि तिच्या जागी नवी लागते. अशा नव्या पेशी मज्जा रोज बनवते सुमारे 20 हजार कोटी. दोनावर 11 शून्यं. वर्षाला नव्हे, महिन्याला नव्हे, रोज! दिवाळीची सुट्टी नाही, रविवारची सुट्टी नाही, तुम्ही दुपारी वामकुक्षी घेत असता तेव्हाही कारखाना चालूच.

20 हजार कोटी म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. मग दिवसाचे 86,400 सेकंद करून भागू. उत्तर येतं सेकंदाला 23 लाख. आता घड्याळ समोर ठेवा आणि चला माझ्याबरोबर.

आषाढीला पंढरपुरात 10-15 लाख वारकरी जमतात. अख्खं चंद्रभागेचं वाळवंट माणसांनी फुलून जातं. तेवढ्या पेशी तुमची मज्जा अर्ध्या सेकंदात बनवते. ‘पांडुरंग’ म्हणायला सुरुवात करा; ‘ग’ येईपर्यंत वारी भरलेली असते. मुंबईच्या लोकलगाड्या दिवसभरात 70 लाखांच्या आसपास माणसं वाहतात, तेवढ्या पेशींना तीन सेकंद लागतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या भरली 11 कोटी 24 लाख. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा हा सगळा महाराष्ट्र तयार व्हायला 49 सेकंद. 140 कोटींचा भारत दहा मिनिटांत. आणि पृथ्वीवर आज जेवढी माणसं आहेत, सगळी मिळून आठशे कोटींच्या वर, तेवढ्या पेशी एका तासात! बोरिवलीला धिम्या लोकलमध्ये बसलात आणि चर्चगेटला उतरलात, तेवढ्यात हाडांतून अख्ख्या जगाची शिरगणती बाहेर पडलेली असते. हे फक्त तांबड्या पेशींचं बोललो. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका रोज सुमारे 10 हजार कोटी वेगळ्या आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही जवळजवळ तितक्याच. त्या हिशोबात धरल्याच नाहीत.

आता या पेशी रुळावर आणू. एका तांबड्या पेशीची रुंदी सुमारे साडेसात मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात 130 पेशी आरामात शेजारी बसतात. इतकी चिमुकली गोष्ट. पण दिवसभरात बनलेल्या सगळ्या पेशी एकीला एक चिकटवून सरळ रांगेत लावल्या तर रांग भरते 1,500 किलोमीटर. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा राजधानीचा मार्ग 1,384 किलोमीटरचा. म्हणजे एका दिवसाची रांग दिल्ली ओलांडून पुढे जाते. उद्या पुन्हा तेवढीच, परवा पुन्हा तेवढीच.

आणि इथे मला खुर्चीतून उठावंसं वाटतं. 1,500 किलोमीटरला 24 तासांनी भागा. येतात ताशी साडेबासष्ट किलोमीटर. हाडांतून निघणारी ही रांग या वेगाने पुढे सरकत असते. मुंबई ते पुणे रेल्वेने 192 किलोमीटर. साडेबासष्टच्या वेगाने लागतात तीन तास आणि चार-पाच मिनिटं. 1930 पासून धावणारी आपली लाडकी डेक्कन क्वीन हेच अंतर कापायला सव्वातीन तासांच्या आसपास घेते. म्हणजे तुमच्या कमरेच्या हाडातून निघालेली पेशींची गाडी डेक्कन क्वीनच्या आधी पुण्याला पोचते! तिला घाट चढायला मागून इंजिन जोडावं लागत नाही, दरड कोसळली म्हणून ती कर्जतला थांबत नाही, आणि तुम्ही जन्मल्यापासून ती एकदाही रद्द झालेली नाही.

अंगात एका वेळी फिरणाऱ्या सगळ्या तांबड्या पेशी धरल्या तर त्या भरतात सुमारे 25 लाख कोटी. यांची रांग 1,87,500 किलोमीटर लांब. पृथ्वीच्या पोटाला साडेचार वेढे घालून वर काही हजार किलोमीटर उरतील. मुंबई-पुणे करायचं ठरवलं तर जाऊन येऊन जवळपास पाचशे खेपा.

रुपयांत सांगितल्याशिवाय आपल्याला पटत नाही. तर दर पेशीला फक्त एक रुपया मजुरी धरू. सेकंदाला 23 लाख रुपये. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूला 17,840 कोटी रुपये लागले. मज्जेची एका दिवसाची मजुरी 20 हजार कोटी, म्हणजे रोज एक अटल सेतू बांधून वर दोन हजार कोटी शिल्लक. महाराष्ट्र सरकारचा 2025-26 चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. तो 35 दिवसांत वसूल. अंगातल्या सगळ्या पेशींचे 25 लाख कोटी मांडले तर ते त्याच वर्षाच्या केंद्राच्या 50 लाख 65 हजार कोटींच्या अर्थसंकल्पाचे जवळपास निम्मे होतात. एका माणसाच्या कातडीखाली अर्धा भारत सरकार!

आता विहीर. 30 फूट रुंद, 40 फूट खोल अशी शेतातली दणदणीत विहीर डोळ्यांसमोर आणा. काठोकाठ भरली तर तिच्यात मावतं सुमारे आठ लाख लिटर पाणी. आपलं हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं, दिवसाला 7,200 लिटर. एका तांबड्या पेशीच्या 120 दिवसांच्या आयुष्यात ते होतं 8 लाख 64 हजार लिटर. अख्खी विहीर उपसून झाली, वर पाट वाहायला लागला. एक पेशी शरीराचा फेरा साधारण मिनिटाभरात मारते, म्हणजे मरेपर्यंत तिचे पावणेदोन लाख फेरे होतात. इतक्या खेपा करून दमलेली पेशी मोडीत निघते, आणि तेवढ्यात डेक्कन क्वीनमधून नवी उतरलेली असते.

एवढा मोठा कारभार चालवणारे किती असतील? रक्ताच्या सगळ्या पेशी ज्यांच्यापासून जन्मतात त्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, मोजण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केला. 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं उत्तर छापून आलं: मोठ्या माणसाच्या अंगात एका वेळी रक्त बनवण्याच्या कामावर असतात 50 हजार ते दोन लाख. बस्स! वानखेडे स्टेडियममध्ये 33 हजार माणसं बसतात. म्हणजे कमीत कमी धरली तर दीड वानखेडे, जास्तीत जास्त सहा. लाखभर धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला रोज 20 लाख लेकरं येतात. शास्त्रज्ञांनी हे कसं मोजलं ते त्यांनाच ठाऊक. आपण त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून तोंडात बोट घालू.

आणि नेमका हाच कारखाना कधी कधी बिघडतो. रक्ताच्या कर्करोगात तो वेडावाकडा माल काढत सुटतो. अप्लास्टिक अॅनिमियात तो थंड पडतो. थॅलेसेमियात जन्मापासून तांबड्या पेशीच सदोष बनतात, मग मुलाला दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. तीन आठवड्यांना एक पिशवी धरा, वर्षाच्या झाल्या 17, वीस वर्षांच्या 340. आणि मेजर थॅलेसेमियाची मुलं भारतात दर वर्षी 10 हजारांच्या वर जन्मतात. वर्षाचे तास 8,760. म्हणजे तासाला एकाहून जास्त. मघाशी ज्या तासात हाडांनी अख्ख्या जगाची शिरगणती पुरी केली, त्याच तासात देशात कुठेतरी एक बाळ जन्मलं ज्याची डेक्कन क्वीन फलाटावरच अडली.

यावर उपाय ऐकायला सोपा आहे: बिघडलेला कारखाना औषधांनी साफ करायचा आणि दुसऱ्या कुणाच्या चांगल्या मूळपेशी आणून रुजवायच्या. अमेरिकेत डॉ. डोनल थॉमस यांनी 1956 मध्ये कूपर्सटाउन या छोट्या गावात जुळ्या भावंडाची मज्जा वापरून हा प्रयोग केला आणि 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे पहिलं प्रत्यारोपण 1983 मध्ये झालं, परळच्या टाटा रुग्णालयात. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ आणि डॉक्टर सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या या माणसाने देशातली सगळ्यात पहिली मज्जा रुजवून दाखवली.

जुळं भावंड, सख्खा भाऊ. दाते घरातलेच का? कारण इथून पुढे आकडे पिसाळतात.

आपल्या बहुतेक प्रकारच्या पेशींच्या अंगावर एक ओळखपत्र असतं. त्याला म्हणतात एचएलए. रक्तगट ए, बी, एबी आणि ओ असे चारच. एचएलएची आजवर नोंदलेली वेगवेगळी रूपं 40 हजारांहून जास्त. त्यातल्या पाच जनुकांच्या जोड्या, म्हणजे दहा खुणा, रुग्णाच्या आणि दात्याच्या जुळाव्यात अशी डॉक्टरांची इच्छा असते. पत्रिकेत 36 गुण असतात आणि 18 जुळले तरी लग्न लागतं. इथे दहापैकी दहा हवेत. भटजींना दक्षिणा देऊन भागत नाही.

चाळीस हजार राहू देत, आपण उदार होऊ. समजा, प्रत्येक जनुकाची फक्त शंभर रूपं आहेत. एका जनुकाच्या जोड्या होतात 5,050. पाच जनुकं, म्हणून 5,050 ला पाच वेळा गुणा. उत्तर 33 हजार कोटी कोटी. ‘कोटी’ चुकून दोनदा छापलेलं नाही. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला 41 कोटी वेगवेगळी ओळखपत्रं येतील. प्रत्येक ओळखपत्रासाठी ज्वारीचा एक दाणा मोजून ठेवला तर ढीग भरेल सुमारे 9,800 कोटी टनांचा. जगातले सगळे शेतकरी सगळी धान्यं मिळून हा ढीग लावायला बसले तर त्यांना 35 वर्षं लागतील, आणि तोवर कुणी भाकरी खायची नाही!

मग कुणाचंच कुणाशी जुळायला नको. पण जुळतं, कारण ही रूपं सुटी सुटी वाटली जात नाहीत. आईकडून एक गठ्ठा येतो, वडिलांकडून एक. दोन्ही गठ्ठे सख्ख्या भावंडाला तेच मिळण्याची शक्यता चारात एक. म्हणून पहिली धाव घराकडे. आजीच्या काळी घरात आठ-नऊ भावंडं असत. आठ भावंडं असतील तर त्यांपैकी निदान एकाचं जुळण्याची शक्यता 90 टक्के. ‘हम दो, हमारे दो’ झाल्यावर एकच भावंड उरलं, शक्यता 25 टक्के. एकुलत्या एकाला शून्य. शाळेची फी परवडली, खोलीत जागा झाली. पण मॅच गेला. आईवडिलांची अर्धी जुळणी वापरूनही डॉक्टर आता प्रत्यारोपण करतात, तरी पुरती जुळणी मिळाली तर ती त्यांना आधी हवी असते.

घरात नाही, तर बाहेर शोधायचं. दाते नोंदवणाऱ्या संस्था सांगतात की परक्या माणसाशी जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक इथपासून वीस लाखांत एक इथपर्यंत कुठेही असू शकते. दहा हजार म्हणजे खचाखच भरलेल्या दोन लोकल. ठीक आहे, दोन गाड्या तपासू. पण वीस लाख? गाडीत पाच हजार माणसं कोंबली तर चारशे लोकल. बारा डब्यांची एक लोकल अडीचशे मीटर लांब. चारशे गाड्या एकीमागे एक, बफरला बफर लावून उभ्या केल्या तर रांग होते शंभर किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कर्जत बरोबर तेवढंच! मशीद, भायखळा, दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, नेरळ… सगळा रूळ गाड्यांनी झाकून गेलेला, प्रत्येक दारात माणसं लटकलेली. आणि या शंभर किलोमीटरमध्ये तुमच्या कामाचा माणूस एक. चौथ्या सीटवर अर्धा टेकून बसलेला असेल, नाहीतर डब्यात कोथिंबीर निवडत बसलेली असेल. तिला स्वतःलाही ठाऊक नाही की कोल्हापूरच्या एका वॉर्डातला मुलगा तिचीच वाट पाहतोय.

शंभर किलोमीटरची ही गाडी दर रुग्णासाठी नव्याने तपासायची, तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून आधीच यादी करून ठेवायची. ही युक्ती सुचली इंग्लंडमधल्या शर्ली नोलन या आईला. तिचा मुलगा अँथनी रक्ताच्या दुर्मिळ आजाराने आजारी होता आणि घरात कुणाचं जुळत नव्हतं. 1974 मध्ये तिने परक्या दात्यांची जगातली पहिली नोंदवही सुरू केली. अँथनीला मॅच मिळालाच नाही. 1979 मध्ये सात वर्षांचा असताना तो गेला. वही मात्र राहिली. आज जगभरच्या अशा वह्यांमध्ये मिळून चार कोटींहून जास्त नावं आहेत. या चार कोटींनी हात पसरून साखळी केली, माणशी दीड मीटर, तर ती साठ हजार किलोमीटरची होईल. पृथ्वीभोवती दीड फेरा. एका मुलासाठी सुरू झालेल्या वहीचा!

आता या साखळीत आपण कुठे आहोत ते बघू. जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आत, महाराष्ट्राहून कमी. तिथले नोंदलेले दाते एक कोटीच्या आसपास. आठ माणसांमागे एक. आपण 140 कोटी, आणि आपल्या सगळ्या नोंदवह्या मिळून दाते दहा लाखांच्या आत. अगदी दहा लाख धरले तरी 1,400 माणसांमागे एक. पुन्हा लोकलमध्ये चढा. जर्मनीच्या हिशोबाने भरलेल्या प्रत्येक डब्यात पन्नास दाते. आपल्या हिशोबाने अख्ख्या बारा डब्यांत तीन, फार तर चार. साखळी केली तर आपली भरेल 1,500 किलोमीटर. आकडा ओळखीचा वाटला? एका माणसाची मज्जा एका दिवसात पेशींची जेवढी रांग लावते, तेवढीच 140 कोटींच्या देशाने माणसांची लावली आहे.

कुणी म्हणेल, जर्मनीचे आहेत ना, तेच वापरू. वापरतातही. परक्या दात्यांच्या प्रत्यारोपणांपैकी जवळपास निम्म्यांत पेशी सीमा ओलांडून येतात. जर्मनीहून मुंबई साडेसहा हजार किलोमीटर, 34 वेळा मुंबई-पुणे. एक माणूस थंड पेटी मांडीवर घेऊन विमानात बसतो. आत दोन ते आठ अंश तापमान, हातात 72 तास. आपले डबेवाले डबा गरम पोचवण्यासाठी धडपडतात, हा गार पोचवण्यासाठी. विमानतळावर त्या पेटीला एक्स-रेखालूनसुद्धा जाऊ देत नाहीत.

पण गाडं अडतं ते गठ्ठ्यांपाशी. आईवडिलांकडून येणारे हे गठ्ठे पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या समाजात फिरत राहतात. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाने देशातले समाज मोजले तेव्हा ते भरले 4,635. शेकडो वर्षं आपण रोटीव्यवहार एक वेळ सैल केला, बेटीव्यवहार घट्ट धरून ठेवला. त्यामुळे प्रत्येक समाजाचा गठ्ठ्यांचा साठा वेगळा, आणि एका देशात जणू हजारो वेगळ्या वह्या लागतात. अमेरिकेच्या नोंदवहीवरून 2014 मध्ये काढलेला हिशोब असा: युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पुरता मॅच मिळण्याची शक्यता शंभरात 75, दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णाला 33. न्यू जर्सीत बंगला बांधलेल्या पाटलांना आणि देशपांड्यांनाही हाच नियम. म्युनिकच्या एक लाख नव्या नावांपेक्षा बीड, सावंतवाडी, नंदुरबार आणि मडगावच्या काही हजार नव्या नावांवर त्यांचं नशीब जास्त अवलंबून आहे.

आता शेवटचा, माझा सगळ्यात आवडता आकडा. तो पहिल्यांदाच लहान आहे.

साठ किलोच्या रुग्णाला किती मूळपेशी द्याव्या लागतात? वजनाच्या दर किलोला 20 ते 50 लाख. जास्तीत जास्त धरल्या तर एकूण 30 कोटी. मोठा वाटतो आकडा, पण पेशींचा हा सगळा जमाव एकत्र केला तर भरतो जेमतेम तीन थेंब! फोडणीसाठी चिमटीत धरलेली मोहरी त्याहून फार कमी नसते. पिशवीत या मूळपेशी दात्याच्या इतर रक्तपेशींबरोबर येतात आणि सलाइनसारख्या शिरेत सोडल्या जातात. हाडात भोक पाडावं लागत नाही, टाका नाही. पेशी रक्ताबरोबर फिरतात आणि आपापल्या वाटेने हाडांपर्यंत पोचतात. पत्ता त्यांना कुणी सांगितला? आपण विचारायचं नाही, फक्त बघत राहायचं. दोन-चार आठवड्यांत तपासणीत नव्या पेशी दिसायला लागतात आणि अडलेली गाडी हलते. आधी रुळावर मालडबा, मग पॅसेंजर, आणि होता होता पुन्हा ताशी साडेबासष्ट! दात्याचा रक्तगट बी आणि रुग्णाचा ओ असेल तरी चालतं. काही महिन्यांत रुग्णाचाच रक्तगट बी होतो. दाता पुरुष असेल तर बाईच्या रक्तातल्या पेशींत पुरुषाची गुणसूत्रं सापडतात. तीन थेंबांत एका माणसाचा कारखाना दुसऱ्याच्या हाडांत उभा राहतो आणि आयुष्यभर रोज 1,500 किलोमीटर धावतो.

आणि दात्याचं काय जातं? नोंदणीच्या दिवशी एक अर्ज आणि गालाच्या आतून फिरवलेले कापसाचे बोळे. पाच मिनिटं. वय साधारण 18 ते 50 च्या आत आणि प्रकृती चांगली हवी. बहुतेकांना पुढे कधी फोनच येत नाही. आला आणि सगळ्या तपासण्या जुळल्या, तर चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन. अंग दुखतं, डोकं जड होतं. मग चार ते सहा तास खुर्चीत पडून राहायचं. एका हातातून रक्त यंत्रात जातं, हव्या त्या पेशी गाळल्या जातात, बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं. त्या वेळात घागरभर रक्त, दहा-बारा लिटर, यंत्रातून फिरतं आणि मागे राहते एक छोटी पिशवी. शनिवारी सकाळी लोणावळ्याच्या घाटात आपण एवढा वेळ गाडीत बसून काढतो, आणि वर चिक्कीचे पैसे देतो. इथे दात्याला एक रुपया द्यावा लागत नाही आणि एक रुपया मिळतही नाही. क्वचित कमरेच्या हाडातून भूल देऊन मज्जा काढतात. पाठीच्या कण्याला हात लावत नाहीत. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून निघतात. सेकंदाला 23 लाखांचा कारखाना तो, चिमूटभर मोहरीने त्याचं काय बिघडणार?

एक गोष्ट मात्र आकड्यांच्या नादात सोडायची नाही. नाव नोंदवणं म्हणजे शब्द देणं. नवी मज्जा रुजवण्यापूर्वी रुग्णाची जुनी मज्जा औषधांनी नष्ट करतात. ती गेल्यावर दाता मागे फिरला, तर रुग्णाकडे जुना कारखाना नाही आणि नवाही नाही. म्हणून घरात आईशी, बायकोशी, नवऱ्याशी आधी बोला. शंका असतील त्या नोंदणीच्या टेबलावरच विचारून घ्या, हवा तेवढा वेळ घ्या, आणि मगच सही करा. अर्धवट मनाने दिलेलं नाव यादी फुगवतं, गाडी हलवत नाही.

हा लेख वाचायला तुम्हाला बारा-एक मिनिटं लागली असतील. तेवढ्यात तुमच्या हाडांनी 166 कोटी तांबड्या पेशी बनवल्या, भारताच्या लोकसंख्येहून जास्त, आणि जवळपास तितक्याच जुन्या मोडीत काढल्या. गालावर बोळा फिरवायला पाच मिनिटं लागतात. सीएसएमटी ते कर्जत उभ्या असलेल्या त्या चारशे गाड्यांत कुणीतरी एक जण आहे, आणि ते तुम्हीच आहात की नाही हे कळायचा दुसरा मार्ग नाही.